सूर्याच्या पलट्या मोजणारे मामेसासरे

पृथ्वीच्या पोटात या क्षणी काय चाललं आहे, हे अख्ख्या वऱ्हाडात खात्रीनं ठाऊक असलेला एकच माणूस होता आणि तो माझ्या बायकोचा मामा होता. बाकीच्यांना अंदाज असतील, पुस्तकं पाठ असतील, माझ्यासारख्यांना त्याचा पगारही मिळत असेल. पण पृथ्वीचं चुंबकत्व कुठून येतं हे सांगताना 'मी तिचं झाकण उघडून पाहिलंय' असा चेहरा फक्त मामाजींनाच करता यायचा. अकोल्याला मोर्णा नदीच्या अलीकडे त्यांचं मोटारी भरायचं दुकान होतं. मोटार भरणं म्हणजे विहिरीवरची मोटार जळाली की तिच्यातली काळी पडलेली तांब्याची तार उपसून काढायची आणि नवी तार गुंडाळून, वार्निश पाजून ती पुन्हा फिरती करायची. दुकान आठ बाय बाराचं. त्यात मोटारींचे सांगाडे, तारेची रिळं, वार्निशचा डबा, आणि मागच्या भिंतीवर मामाजींनी स्वतः ऑइलपेंटनं काढलेलं पृथ्वीचं चित्र. कलिंगड कापावं तशी चिरलेली पृथ्वी, आतला गाभा भगभगीत लाल. पहिल्यांदा येणाऱ्या गिऱ्हाइकाला ती फळाच्या रसाची जाहिरात वाटायची.

गिऱ्हाइकं बाळापूर, तेल्हारा, हिवरखेड अशी लांबून यायची, कारण मामाजींनी भरलेली मोटार सहसा परत येत नसे. पण येताना वेळ काढून यावं लागे. तीन दिवसांनी न्यायला आलेल्या माणसाला मोटारीबरोबर अर्धा तास पृथ्वीही घ्यावी लागायची. हिवरखेडचे एक पाटील एकदा कावून म्हणाले, "मिस्त्री, माही मोटर सांगा न बाप्पा, पुरथ्वीची काहून सांगून रायले?" मामाजींनी हातातली पकड खाली ठेवली. "पाटील, तुमची मोटर दर दोन सालानं जयते. थिची तीनशे कोटी वर्सांपासून चालू हाय, आजलोक कोनी भरली नाई. दोघीतली कोनती समजून घ्यावी मानसानं?" पाटलांनी विचार केला आणि ते बाकावर बसले. पुढे ते मोटार चांगली असतानाही येऊन बसायला लागले.

वय विचारलं तर मामाजी सूर्याच्या पलट्यांत सांगत. सूर्याची उत्तर आणि दक्षिण चुंबकीय टोकं साधारण अकरा वर्षांनी आपापसांत जागा बदलतात, हे त्यांनी रद्दीतून आणलेल्या एका विज्ञान मासिकात वाचलं होतं आणि तेव्हापासून त्यांचं कॅलेंडर तेच. "मी पाच पलट्यांचा हाय, साव्वी लागली." आमचं लग्न झालं ते सालही नेमकं पलटीचं. लग्नात, वंदना झाल्यावर, सगळे आशीर्वाद द्यायला पुढे येत असताना मामाजी माझ्या कानाशी लागून म्हणाले, "जवाईबुवा, औंदा सूर्य पलटला. तुमी नका पलटू." भाचीच्या लग्नात याहून प्रेमळ धमकी कुणी दिली असेल असं मला वाटत नाही. शेजारच्या मुलाला नोकरी लागत नव्हती तर त्याच्या आईला ते म्हणाले, "घाबरू नका वहिनी, पुढच्या पलटीच्या आत लागते." त्या बिचारीनं हिशेब केला आणि रडायलाच बसली.

शर्टाच्या खिशात त्यांच्याकडे कायम एक होकायंत्र असे. मेळघाटात सेमाडोहला आम्ही सगळं कुटुंब गेलो होतो. जीपमधले सगळे वाघासाठी श्वास रोखून बसलेले आणि मामाजी मांडीवर होकायंत्र आडवं धरून म्हणत होते, "हे पाय, सुई जराशी खाली झुकून रायली. खालून वढून रायलं कोनी." मागच्या बाकावरून मामी म्हणाल्या, "तुमाले खालूनच वढन कोनी तरी. वाघ इकडं उजवीकडं होता, गेला आता." एका शेजाऱ्यानं घर बांधल्यावर वास्तूचे जाणकार बोलावले. त्यांनी लोखंडी कपाटाशेजारी उभं राहून होकायंत्रानं पूर्व ठरवली आणि स्वयंपाकघराची भिंत पाडायला सांगितली. मामाजी तिथेच चहा पीत होते. त्यांनी आपलं होकायंत्र काढून कपाटाजवळ धरलं, मग चार पावलं सरकून धरलं. सुई सरळ वेगळीकडे गेली. "भिंत पाडू नका, कपाट सरकवा," एवढंच म्हणून त्यांनी बशीत चहा ओतला. भिंत वाचली. जाणकार मात्र तेव्हापासून त्या गल्लीतून सायकल काढत नसत.

हे सगळं मी हसत हसत लिहितो आहे, कारण पुढचं लिहायला मला अजून जड जातं. मी मुळात बोलका माणूस नाही. वर्गाबाहेर तर नाहीच. अमरावतीच्या एका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवतो, त्याला आता सत्तावीस वर्षं झाली. लग्नानंतर पहिल्यांदा अकोल्याला गेलो तेव्हा मामाजींनी भरल्या घरात विचारलं, "सायेब, तुमी फिजिक्सवाले. पुरथ्वी चुंबक कशानं हाय?" मी पुस्तकातलं चित्र आठवून तोऱ्यात सांगितलं, की पृथ्वीच्या पोटात एक मोठा लोहचुंबक आहे असं समजायचं. "समजायचं का हाय?" "आहे," मी म्हणालो. मामाजी उठले. आत गेले, जुन्या स्पीकरमधला चुंबक घेऊन आले, त्याला चार टाचण्या चिकटवून दाखवल्या, मग अंगणात नेऊन त्याच्यावर ब्लो-लॅम्पची ज्योत धरली. सगळे सासरचे गोल करून उभे. चुंबक चांगला तापला तेव्हा त्यांनी चिमट्यात धरून तो टाचण्यांवर आणला. एकही टाचणी हलली नाही. "येवढ्याशा जाळानं हा सारं इसरला. पुरथ्वीच्या पोटात तं लोखंडाचं पानी हाय म्हनतात. थितं कोनता चुंबक टिकन?"

माझे कान लाल झाले. चुंबक तापवल्यावर मरतो हे मी दरवर्षी शिकवत होतो. आणि पृथ्वीचं पोट तापलेलं आहे हेही. ही दोन वाक्यं शेजारी ठेवायचं मला कधी सुचलं नव्हतं. मामाजी माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "राग नका मानू. माह्या बापानं छप्पन साली दीक्षा घेतली तवापासून आमच्या घरात एकच कायदा हाय. कोनी सांगते म्हनून मानाचं नाई. तापवून पायाचं."

मग त्यांनी मला दुकानात नेलं आणि जनरेटर समजावला. कुठल्याशा मंगल कार्यालयाचा जनरेटर दोन वर्षं बंद पडून होता. फिरवला तर छान फिरायचा, पण वीज देत नव्हता. "यात बिघाड काईच नाई. हा इसरला हाय." जनरेटरला वीज करायला चुंबकत्व लागतं आणि ते चुंबकत्व तो आपल्याच विजेतून तयार करतो. चालू व्हायला मात्र त्याच्या लोखंडात जुन्या चुंबकत्वाचा एखादा थेंब शिल्लक लागतो. तो थेंब आटला तर कितीही फिरवा, काही होत नाही. अशा वेळी मिस्त्री लोक गाडीची बॅटरी आणून तिच्या तारा त्याला क्षणभर टेकवतात. मामाजींनी टेकवल्या. ठिणगी उडाली. मग जनरेटर फिरवला आणि वर लावलेला बल्ब आधी विडीच्या टोकासारखा लाल, मग पिवळा, मग लख्ख पेटला. "थेंबातून वीज, विजेतून चुंबक, मोठ्या चुंबकातून मोठी वीज. पुरथ्वीच्या पोटात हेच हाय. लोखंडाचं पानी खालून तापते, वर येते, थंड होऊन खाली जाते, वरून पुरथ्वी फिरून रायली, म्हनून त्याले पीळ बसते. हेच फिरतं आर्मेचर, हेच तारेचं वाइंडिंग. मंगळ लहान, लवकर थंडावला, त्याची मोटर बसली. सूर्यात लोखंड नाई, पन तापून इजेचा झालेला वायू हाय, त्याची चालू हाय." माझ्या आयुष्यातला पदार्थविज्ञानाचा पहिला खरा तास मी सव्विसाव्या वर्षी, वार्निशच्या वासात, स्टुलावर बसून केला.

त्यानंतर किती तरी वर्षं माझे रविवार अकोल्याचे होते. सकाळची एसटी, बडनेरा, मूर्तिजापूर, अकोला. मामी चुलीवर वरण ठेवायच्या आणि मामाजी मला पातेल्यावर वाकवायचे. "हे पाय, मधून वर येते, बाजूनं खाली जाते. अन् आता मी डाव फिरवतो." "डाव ठेवा खाली," मामी म्हणायच्या, "तुमच्या पुरथ्वीपायी दोनदा दाय लागली बुडाले." मामाजींच्या मनगटावर सायकलच्या ट्यूबचं कापलेलं एक रबर असे, तारेच्या गुंडाळ्या बांधायला. ते काढून ते म्हणायचे, "हे समजा चुंबकाचा वेढा. ताणा." ते ताणायचे. "पिळा." आठचा आकडा व्हायचा. "घडी घाला." एका वेढ्याचे दोन झालेले असायचे. "वाहता वाहता हेच होते थितं. ताण, पीळ, घडी. येकाचे दोन, दोनाचे चार." पुढे मी इंग्रजी पुस्तकं धुंडाळली तेव्हा अक्षरशः हीच तीन पावलं तिथे दिलेली सापडली. मामाजींना इंग्रजी येत नव्हतं. ते त्यांना कुठून कळलं असं विचारलं तर म्हणाले, "तार गुंडायता गुंडायता."

मग कॉलेजनं लोकांसाठी एक व्याख्यान ठेवलं आणि ते माझ्याकडे आलं. मी विषय दिला, पृथ्वीचं चुंबकत्व. मी तापवलेला चुंबक दाखवला. विसरलेला जनरेटर सांगितला. खिशातून रबर काढलं, ताणलं, पिळलं, घडी घातली. सभागृहात टाळ्या पडल्या. आणि प्राचार्यांनी "सर, ही उदाहरणं तुम्हाला सुचतात कशी?" असं माइकवर विचारलं तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, "एकदा घरी बसल्या बसल्या सुचलं." पाच शब्द. मामाजींचं नाव घ्यायला याहून कमी लागले असते. पण समोर प्राध्यापक बसले होते, आणि मोटारी भरणाऱ्या माणसाकडून शिकलो असं सांगायची मला लाज वाटली. हे मी आज पहिल्यांदा कागदावर लिहितो आहे. घाईत राहून गेलं, विसरलो, असं मी बायकोला सांगितलं होतं. विसरलो नव्हतो.

पाणी प्यायला मान वर केली तेव्हा शेवटच्या रांगेत मामाजी दिसले. बायकोनं त्यांना कळवलं होतं, ते एसटीनं आले होते, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. कार्यक्रम संपल्यावर गर्दीतून वाट काढत ते माझ्यापाशी आले. मी मेल्यासारखा उभा. त्यांनी माझ्या हातातलं रबर घेतलं, ताणून पाहिलं आणि परत दिलं. "जरा जाड घेत जा जवाईबुवा. हे तुटन." एवढं बोलून ते परतीच्या एसटीसाठी निघाले. जेवायलाही थांबले नाहीत.

मी जाड रबर घेतलं. व्याख्यान वाढत गेलं. अचलपूर, दर्यापूर, परतवाडा, शाळाशाळांतून बोलावणी आली, मुलं मला 'चुंबक सर' म्हणायला लागली, कपाटात दोन स्मृतिचिन्हं आली. आणि माझं रविवारी अकोल्याला जाणं सुटलं. आधी पेपर तपासायचे होते, मग मुलाची परीक्षा, मग गुडघा. बायको एकटी जायची आणि परत येऊन म्हणायची, "मामानं विचारलं, जवाईबुवा लय बिझी हायेत का." मी वर्तमानपत्र वर धरायचो. प्रत्येक टाळीबरोबर तिकडे जाणं आणखी कठीण व्हायचं. बघता बघता अकरा वर्षं गेली.

दीड-दोन वर्षांपूर्वी बायको अकोल्याहून निरोप घेऊन आली. "मामा दुकान बंद करतोय. हात थरथरतात, तार ओढवत नाही. आणि त्यानं विचारलंय, सूर्य पलटला का नाही औंदा, ते जवाईबुवांना पक्कं विचारून सांग. त्याला कुणी सांगणारं नाही." मी त्याच आठवड्यात निघालो. हे फोनवरही सांगता आलं असतं.

दुकान अर्धं रिकामं होतं. मामाजी स्टुलावर बसून शेवटची रिळं गोणीत भरत होते. केस सगळे पांढरे. मी म्हणालो, "पलटतो आहे, मामाजी. अजून पुरता नाही, पण पलटतो आहे." त्यांनी मान डोलावली. "वाटलंच. बसा." मी बसलो आणि बसल्या बसल्या म्हणालो, "मामाजी, त्या व्याख्यानात मी तुमचं नाव घेतलं नाही."

"कोनत्या?"

"सगळ्याच."

"हं. मालूम हाय. मी मांगं बसलो होतो न."

"मग तेव्हाच बोलला का नाहीत?"

"काय बोलू? तुमी बराबर सांगून रायले होते. चुकले असते तं उठलो असतो." त्यांनी गोणीचं तोंड बांधलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "त्या दिवशी वाईट वाटलं. खोटं काहून बोलू. एसटीत मूर्तिजापूरलोक वाटलं. मंग म्हटलं, पुरथ्वी काय माह्या बापाची हाय? पन त्याच्यानंतर तुमी येनंच सोडलं, जवाईबुवा. ते नाई समजलं मले. मी इकडं आकाशगंगेपाशी येऊन अडकलो होतो, अन् इचारू कोनाले? मामीले?"

आतून मामींचा आवाज आला. "इचारलं होतं मले. म्या सांगतलं, जेवून घ्या."

मला हसू आणि रडू एकाच वेळी आलं आणि दोन्ही नीट जमलं नाही. "येक पूरी पलटी गेली बाप्पा," मामाजी म्हणाले. "पूरी पलटी."

त्यांचं अडलं होतं ते असं. पृथ्वी फिरते, सूर्य फिरतो, तशी अख्खी आकाशगंगाही फिरते आणि तिच्या ताऱ्यांमधल्या विरळ वायूतही चुंबकत्व आहे, आपल्या पृथ्वीच्या लाखाव्या हिश्श्याइतकं क्षीण, पण हजारो प्रकाशवर्षं पसरलेलं. फिरणं आहे, पीळ आहे, मोटार चालू आहे हे त्यांना पटलं होतं. "पन पयला थेंब कुठून आला? पुरथ्वीनं सूर्याच्या ढगातून घेतला आसन, सूर्यानं आकाशगंगेतून. तिनं कोनापासून घेतला? सुरवातीले तं काईच नव्हतं. तिले बॅटरी कोनं टेकवली?" अकरा वर्षं ते हा प्रश्न घेऊन बसले होते, आणि मी त्याच विषयावर टाळ्या घेत हिंडत होतो; मला तो प्रश्न पडलाही नव्हता.

पुढचा आठवडाभर मी विद्यार्थ्यासारखं वाचलं. रविवारी सकाळची एसटी धरली. मामाजी अंगणात बसले होते. मी चप्पल काढायच्या आधीच म्हणालो, "मामाजी, शास्त्रज्ञही त्याला बॅटरीच म्हणतात." ते उठून उभे राहिले. मी सांगितलं, की तापलेल्या वायूत हलके इलेक्ट्रॉन आणि जड कण सारखे ढकलले जात नाहीत. जिथे दाब एकीकडे आणि दाटी दुसरीकडे वाढत जाते तिथे आपोआप इवलासा प्रवाह सुरू होतो, आणि त्यातून थेंबभर चुंबकत्व. कुणी टेकवावी लागत नाही. अर्थात हेच खरं असं कुणी छातीठोक सांगत नाही, दुसरेही तर्क आहेत. मामाजी उंबऱ्यापर्यंत गेले. मग घराकडे तोंड करून ओरडले, "आयकलं का? बॅटरी हाय म्हनते! आपोआपची!"

"मंग संपलं का आता तुमचं?" मामी.

"संपलं? आता तं सुरू झालं!"

त्यानंतर आम्हाला नऊ रविवार मिळाले. एका रविवारी मी म्हणालो, "मामाजी, हे सगळं मी लिहून काढतो. तुमच्या नावानं." ते घाबरलेच. "नाव नका टाकू. लोक पुन्यांदा मोटरी घेऊन येतीन." म्हणून इथे त्यांचं नाव नाही. दहाव्या रविवारच्या आधी, एका दुपारी जेवून ते जरा आडवे झाले, ते पुन्हा उठले नाहीत. मामी मला म्हणाल्या, "तुमची वाट पाहून रायले होते. काईतरी इचाराचं हाय म्हने. काय ते मले नाई सांगतलं."

यंदा वर्गात तो भाग आला तेव्हा रबर ताणण्याआधी मी थांबलो. म्हणालो, "हे मला सुचलेलं नाही. अकोल्यात मोटारी भरणारे माझे मामेसासरे होते, त्यांनी मला शिकवलं." वर्ग खळखळून हसला. चुंबक सरांनी कधी नव्हे तो विनोद केला असं त्यांना वाटलं. मी हसू ओसरायची वाट पाहिली. "खरंच," मी म्हणालो. दुसऱ्या बाकावरच्या एका मुलीनं पेनचं टोपण काढलं आणि विचारलं, "सर, त्यांचं नाव काय लिहू?"

मी वळून फळ्यावर त्यांचं पूर्ण नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट, मोठ्या अक्षरात. मग तास पुढे नेला. घंटा झाली, रसायनशास्त्राच्या बाई आत आल्या आणि सवयीनं त्यांनी डस्टर उचललं. मी दारात पोचलो होतो. तिथूनच म्हणालो, "मॅडम, एक मिनिट. मुलं अजून उतरवून घेताहेत."